गल्लीतून फूड बँकेपर्यंत: घरोघरचं अन्नसंकलन कसं सुरू करावं

महिन्याचा किराणा भरताना एखादा डाळीचा पुडा किंवा मिठाची पिशवी जास्तीची घ्यायला बहुतेक घरांची तयारी असते. अडतं ते पुढे. ती वस्तू कुठे द्यायची, कधी द्यायची, कुणाच्या हाती द्यायची हे ठाऊक नसतं, आणि तेवढ्यासाठी वाकडी वाट करून फूड बँकेत, म्हणजे दिलेलं अन्न साठवून गरजूंपर्यंत पोचवणाऱ्या संस्थेत, जाणं कुणाच्यानं होत नाही. घरोघरच्या अन्नसंकलनात नेमकं हेच मधलं काम स्वयंसेवक अंगावर घेतो. त्यासाठी फार पैसा लागत नाही. एक वही, थोड्या मजबूत पिशव्या, आठवड्यातला एक मोकळा दिवस आणि सांगितलेल्या वेळी सांगितलेल्या दारात उभं राहण्याचा नेम, एवढं जवळ असलं की सुरुवात करता येते.

अमेरिकेत फीनिक्स शहरात १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल यांनी सेंट मेरीज फूड बँक सुरू केली. ती जगातली पहिली फूड बँक मानली जाते. तिथून ही कल्पना पसरत गेली. १९८४ साली पॅरिसमध्ये युरोपातली पहिली फूड बँक उभी राहिली. या सगळ्यांच्या कामाची रीत साधारण एकच आहे. अन्न गोदामात गोळा करायचं, तपासायचं, साठवायचं आणि गरजू कुटुंबांपर्यंत किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांपर्यंत पोचवायचं. गल्लीतल्या संकलनाची जी पद्धत मी पुढे सांगणार आहे, तिच्याशी मिळतीजुळती पद्धत अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या ॲशलंड या गावात २००९ पासून चालते. तिथे घरोघरी एक हिरवी पिशवी दिलेली असते. दोन महिन्यांतून एकदा, ठरलेल्या शनिवारी शेजारचाच स्वयंसेवक येऊन भरलेली पिशवी नेतो आणि रिकामी ठेवून जातो. पुढे इतर अनेक गावांनी ही पद्धत उचलली.

वर्षातून एकदा मोठा गाजावाजा करून ट्रक भरण्यापेक्षा मला ही दोन महिन्यांची पद्धत कितीतरी मोलाची वाटते. सणासुदीला आणि वर्षअखेरीला देणाऱ्यांचा हात सैल सुटतो, गोदामं भरून वाहतात आणि स्वयंसेवकांना उभं राहायला जागा उरत नाही. त्यानंतरच्या महिन्यांत त्याच फळ्या उघड्या पडतात. पोटाला मात्र बारा महिने लागतं. ज्या मुलांना शाळेत जेवण मिळतं, त्यांच्या घरी सुट्टीच्या दिवसांत खर्च वाढतो, आणि नेमके त्याच दिवसांत देणारेही गावाला गेलेले असतात. अशा ओसाड महिन्यात तुमच्या गल्लीतून शंभर किलो कोरडा शिधा आला, तर गोदाम सांभाळणाऱ्याला त्याची किंमत कळते.

आधी फूड बँकेत जाऊन या

उत्साहात थेट शेजाऱ्यांच्या दारात जावंसं वाटतं. पण त्याआधी फूड बँकेत जा. फोनवर भागवू नका. वेळ ठरवून प्रत्यक्ष जा आणि फळ्या डोळ्यांनी बघा. काय ओसंडून वाहतंय आणि काय संपत आलंय हे तिथे उभं राहिल्यावर लगेच दिसतं. तिथल्या जबाबदार माणसाला एवढ्या गोष्टी विचारा आणि उत्तरं वहीत उतरवून घ्या:

- सध्या सगळ्यात कमी काय पडतंय? कोणती वस्तू आता आणू नये?
- मुदत उलटलेल्या वस्तूंचा तुमचा नियम काय? मुदत संपायला किमान किती दिवस बाकी असावेत?
- साबण, सॅनिटरी पॅड, डायपर अशा वस्तू घेता का?
- सामान कोणत्या वारी, किती वाजता उतरवून घेता? वजन तिथे होतं का, पावती मिळते का?
- आम्ही घरोघर देणार आहोत त्या पत्रकावर तुमचं नाव छापायला परवानगी आहे का, आणि कुणाला शंका आली तर तुमच्याकडे चौकशी करता येईल का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. अनोळखी माणूस दारात येऊन अन्न मागतो तेव्हा घरच्यांच्या मनात शंका येणं साहजिक आहे. फूड बँकेनं दिलेलं साधं पत्र किंवा ओळखपत्र हातात असेल, तर पुढची बोलणी सोपी होतात. घरोघर फिरून मदत गोळा करायला काही ठिकाणी स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते. तुमच्याकडे ती लागते का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या. फूड बँकेच्या लोकांना हे माहीत असतं.

आणखी एक विषय तिथेच मोकळेपणानं काढा. तो म्हणजे पैशांचा. फूड बँक घाऊक भावानं खरेदी करते, त्यामुळे त्याच रकमेत तिला तुमच्याआमच्यापेक्षा जास्त अन्न मिळतं. मग वस्तू कशाला गोळा करायच्या, असं कुणीतरी दारात विचारणारच. माझं उत्तर असं: ज्याला पैसे द्यायचे आहेत त्यानं थेट फूड बँकेला जरूर द्यावेत, आणि त्यांचा खात्याचा तपशील आपण पत्रकावर छापावा. पण पाकीट उघडायला जो कचरतो, तो पुडा सहज देतो. दर दोन महिन्यांनी देत राहिला की फूड बँक हा त्याच्याही आस्थेचा विषय होतो. स्वयंसेवकानं मात्र रोख रक्कम कधीही हातात घेऊ नये. दहा रुपये असोत की हजार, हात जोडून ‘थेट तिकडेच द्या’ म्हणावं. पैशाचा हिशेब आपल्या कामात शिरला की संशयालाही वाट मिळते.

किती घरं घ्यायची

पहिल्या खेपेला वीस ते तीस घरं पुरेत. एका दारापाशी जाण्यायेण्यासकट तीन-चार मिनिटं धरली, तर तीस घरांना दोन तास सहज लागतात. प्रत्येक पिशवीत तीन-चार किलो आले तर शंभर किलोंच्या आसपास वजन होतं. रोजच्या वापरातल्या छोट्या गाडीत दोन माणसांसकट एवढंच नीट मावतं. घरं वाढवली की दुसरी गाडी आणि दुसरी जोडी लागणार, हे आधीच ध्यानात घ्या.

आपलीच गल्ली निवडा, किंवा आपली इमारत. दोन किलोमीटरवरची बरी वस्ती बघून तिथे जाऊ नका. देणारा माणूस संस्थेच्या नावापेक्षा ओळखीच्या चेहऱ्यावर जास्त भरवसा ठेवतो. सकाळी दूध आणताना, संध्याकाळी फिरताना जो दिसतो, त्याला पिशवी देताना मनात किंतू येत नाही. इमारतीत काम करायचं असेल तर व्यवस्थापन समितीची परवानगी घ्या आणि पहारेकऱ्याला आधी सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी फाटकाशी हुज्जत होणार नाही.

वहीच्या पानावर गल्लीचा कच्चा नकाशा काढा आणि घरांना क्रमांक द्या. क्रमांकासमोर घरच्यांनी सांगितलेलं एक नाव आणि त्यांना चालत असेल तर फोन नंबर लिहा. ‘सकाळी उशिरा उठतात’, ‘कुत्रा आहे, घंटा वाजवून बाहेर थांबा’, ‘दुसऱ्या मजल्यावर, आजींना उतरता येत नाही’ अशी लहान टीपही घालून ठेवा. याखेरीज घरांविषयी काही लिहू नका. कुणी किती दिलं याची घरवार यादी तर मुळीच ठेवू नका. ती कधीतरी कुणाच्या तरी हाती पडते.

पिशवी

कापडी, जाड, धुता येण्याजोगी, दोन बंदांची पिशवी घ्या. बंद शिवताना टीप दुहेरी घालून घ्या. चार किलो वजनाला बंदच आधी उसवतात. सगळ्या पिशव्या एकाच रंगाच्या असल्या की संकलनाच्या दिवशी लांबूनही ओळखू येतात. घरामागे दोन पिशव्या लागतात, एक त्या घरात आणि दुसरी तुमच्याकडे. म्हणजे भरलेली उचलली की रिकामी लगेच ठेवता येते. तीस घरांना साठ. शिवणकाम येणारी माणसं गल्लीत असतातच, त्यांना जुन्या चादरी आणि पडदे नेऊन द्या.

पिशवीच्या आत एक कागद टाचून द्या, तेच आपलं पत्रक. त्याच्या पुढच्या बाजूला पुढच्या संकलनाची तारीख मोठ्या अक्षरांत, हव्या असलेल्या सात-आठ वस्तू आणि तुमचा फोन नंबर असावा. त्या बाजूला यापलीकडे मजकूर घालू नका, फूड बँकेचा तपशील पाठीमागे छापा. भुकेचं वर्णन आणि डोळ्यांत पाणी आणणारे फोटो तर नकोतच.

दारातलं पहिलं बोलणं

नवीन स्वयंसेवक सगळ्यात जास्त घाबरतो ते इथे. म्हणून या भागाची तयारी मनापासून करा. शक्यतो दोघं जा. संध्याकाळची, उजेड असतानाची वेळ धरा. जेवणाची वेळ टाळा. घंटा वाजवून दोन पावलं मागे उभे राहा, म्हणजे दार उघडणाऱ्याला अंगावर आल्यासारखं वाटत नाही. पहिल्याच वाक्यात तुम्ही कोण, कुठले ते सांगा:

‘नमस्कार. मी याच गल्लीत राहते, कोपऱ्यावरचं घर आमचं. आम्ही फूड बँकेसाठी दर दोन महिन्यांनी कोरडा शिधा गोळा करतोय. ही पिशवी तुमच्याकडे ठेवते. किराणा आणाल तेव्हा जमलं तर एखादी वस्तू हिच्यात टाका. अमुक तारखेला सकाळी मी स्वतः येऊन घेऊन जाईन.’

एवढं बोलून थांबा. समोरच्याला विचारू द्या. ‘हे अन्न जातं कुठे?’ हा प्रश्न येईलच. फूड बँकेत तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगा, त्यात पदरची भर घालू नका. ‘किती द्यायचं?’ असं विचारलं तर आकडा सांगू नका. ‘तुम्हाला जड वाटणार नाही तेवढंच’ हे उत्तर सगळ्यात चांगलं. एका पुड्यानंही पिशवी चालू राहते, हे लोकांना कळू द्या. पहिल्या खेपेला दडपणाखाली पिशवी गच्च भरून देणारं घर तिसऱ्या खेपेला दार उघडायचं टाळतं. दर वेळी एकच पुडा देणारं घर वर्षानुवर्षं देत राहतं.

नकार आला तर तो तिथल्या तिथे, हसतमुखानं स्वीकारा. कारण विचारू नका. ‘काही हरकत नाही, भेट झाली बरं वाटलं’ म्हणून पुढे चला. वहीत त्या घरासमोर बारीक खूण करा आणि वर्षभर पुन्हा पिशवीचा विषय काढू नका. रस्त्यात भेटल्यावर पूर्वीसारखंच बोला. तुमच्या वागण्यात तसूभरही फरक पडता कामा नये, कारण आपण शेजारी आधी आहोत आणि स्वयंसेवक नंतर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही ज्या तीस दारांत उभे राहाल, त्यांतल्या एखाद्या दारामागे स्वतःच फूड बँकेकडून शिधा घेणारं कुटुंब असू शकतं. ते कोणतं हे तुम्हाला कळणार नाही आणि कळायचं कारणही नाही. नोकरी गेलेली असते, आजारपण निघालेलं असतं, घर बाहेरून व्यवस्थित दिसतं. म्हणून दारात उभं राहून ‘बिचारे गरीब’, ‘ज्यांना कुणी नाही’ अशी भाषा तोंडात येऊ देऊ नका. ‘ज्यांना सध्या गरज आहे अशी कुटुंबं’ एवढं पुरे. पत्रकाच्या पाठीमागे फूड बँकेचा पत्ता आणि मदत घेण्याची वेळ प्रत्येकासाठीच छापा. मग कुणालाही न विचारता ती माहिती मिळते. कुणी आडवळणानं ‘तिथे कुणालाही जाता येतं का?’ असं विचारलंच, तर ‘हो, जाता येतं’ म्हणा, वेळ सांगा आणि विषय बदला. ती गोष्ट तुमच्या घरातही बोलू नका.

काय मागायचं, काय नाही

‘काहीही चालेल’ असं कधीच सांगू नका. काहीही चालेल म्हटलं की लोक कपाटाच्या तळाशी पडलेलं, घरात कुणी न खाणारं ते बाहेर काढतात. नेमकी यादी दिली की किराणा भरताना तीच डोळ्यांसमोर राहते. साधारणपणे सगळीकडे चालतील अशा वस्तू म्हणजे तांदूळ, पीठ, डाळी आणि कडधान्यं, साखर, मीठ, खाद्यतेल, दूध पावडर, आणि डब्यातल्या शिजवलेल्या भाज्या, कडधान्यं किंवा मासे. यांतून फूड बँकेनं सांगितलेल्या सात-आठच निवडा आणि दर खेपेला यादी बदला.

तेल, मीठ, मसाले यांचा सगळ्यांना विसर पडतो. तांदूळ आणि डाळ देणारे पुष्कळ असतात, पण फोडणीला तेल नसेल तर त्या डाळीचं जेवण होत नाही. मी यादीत तेल नेहमी सगळ्यात वर लिहिते, मात्र प्लॅस्टिकच्या बाटलीतलं. काचेची एक बाटली फुटली की तिच्यासोबत अख्खं खोकं वाया जातं.

पुडे लहान मागा. अर्धा-एक किलोचे पुडे वाटपाला सोपे पडतात. दहा किलोचं पोतं सोडून भाग करायचे तर स्वच्छ जागा, काटा, नव्या पिशव्या आणि लेबलं सगळंच लागतं. डबाबंद वस्तू मागताना ओढून उघडणाऱ्या झाकणाचे डबे मागा. मदत घेणाऱ्या काही लोकांकडे डबा फोडायची सोय नसते, काहींकडे चूलच नसते. न शिजवता खाता येतील अशा दोन वस्तू यादीत हव्यातच.

मुदतीच्या तारखांवरून फार गोंधळ होतो, तो नीट समजून घ्या. अन्नाच्या वेष्टनांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगानं २०१८ साली आपल्या नियमांत दोन तारखा स्पष्ट वेगळ्या केल्या. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम राहील. त्यानंतर न उघडलेलं, नीट ठेवलेलं अन्न बऱ्याचदा खाण्याजोगं असतं. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ची तारीख सुरक्षिततेची, ती उलटल्यावर वस्तू कुणालाही देऊ नये. बाळांच्या दूध पावडरीची तारीख तर काटेकोर पाळावी, कारण दिवस गेले की तिच्यातली पोषणद्रव्यं घटतात आणि बाळाचं सगळं पोषण तिच्यावरच असतं. पांढरा तांदूळ कोरड्या जागी पुष्कळ टिकतो. कोंड्यासकटचं पीठ किंवा हातसडीचा तांदूळ त्यांतल्या तेलामुळे लवकर खवट होतो. दारात मात्र एवढं सगळं समजावत बसू नका. ‘जे आपण स्वतः आनंदानं खाऊ तेच द्या, तारीख बघून द्या’ एवढं सांगा. बाकीचं छाननीत बघता येतं.

काय नको, तेही तितकंच स्पष्ट लिहा. उघडलेले पुडे, घरी बनवलेले पदार्थ, फ्रीजमध्ये ठेवावं लागणारं काहीही, औषधं, दारू. घरच्या पदार्थाला नाही म्हणताना जीव कासावीस होतो, कारण समोरच्यानं हौसेनं केलेलं असतं. पण त्यात काय काय घातलंय हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. शेंगदाणे, दूध, अंडी, गहू, सोया, मासे यांची तीव्र ॲलर्जी असलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकतं. वेष्टनावरची घटकांची यादी म्हणूनच लागते. सुटं धान्यही घेऊ नका. टोके दाण्याच्या आत अंडी घालतात, बाहेरून दाणा चांगलाच दिसतो आणि महिन्याभरात शेजारच्या पोत्यांनाही कीड लागते. बाळांसाठीच्या सामानात मध घालू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषानं होणारा गंभीर आजार, होण्याचा धोका असतो.

आठवण कशी करून द्यायची

दोनदा, बस. एक आठवडा आधी, म्हणजे मधल्या किराण्यात वस्तू येते. आणि आदल्या संध्याकाळी: ‘उद्या सकाळी नऊ ते अकरा पिशव्या न्यायला येतोय. बाहेर ठेवलीत तरी चालेल. या वेळी जमलं नसेल तर रिकामी पिशवी घरातच असू द्या.’ शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळे ज्यांना जमलं नाही त्यांना ओशाळं वाटत नाही. ज्यांच्याकडे फोनवरचे निरोप पाहायची सवय नाही, अशा घरांत चिठ्ठी टाका किंवा जाता जाता सांगा.

तारीख लक्षात राहील अशी ठरवा, जसं की दर सम महिन्याचा दुसरा शनिवार. अमेरिकेतले टपालवाहक १९९३ पासून मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी घरोघरचं अन्न गोळा करतात. लोकांना तो वार माहीत झालेला असतो. एकदा ठरलेला वार कुणाच्या सोयीसाठी हलवू नका. तुम्हाला जमणार नसेल तर दुसऱ्याला पाठवा.

संकलनाचा दिवस

आदल्या रात्री गाडी रिकामी करून ठेवा. सोबत रिकाम्या पिशव्या, वही, पेन, हातमोजे, दोन-चार बळकट खोकी, झाकायला प्लॅस्टिकचा कागद आणि पाणी घ्या. दोघांची जोडी असावी. एकानं दाराशी जायचं, दुसऱ्यानं गाडीपाशी थांबून लावायचं. मुलांना जरूर घ्या, त्यांना दार वाजवायला आवडतं आणि लोकही त्यांच्याशी मोकळे होतात, पण ती मोठ्या माणसाच्या नजरेआड जाता कामा नयेत आणि गाडीपाशी एकटी नकोत.

दार उघडलं तर दोन शब्द बोला. पिशवी तिथे उघडून आत काय आहे ते बघू नका. शेजारच्या दारातलं कुणी पाहत असलं तर देणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. पिशवी उचला, आभार माना, रिकामी द्या. घरात कुणी नसेल तर ‘येऊन गेलो, पुढच्या खेपेला नक्की’ अशी चिठ्ठी ठेवा. घराच्या आत जाऊ नका, बोलावलं तरीही. पुढच्या दारात कुणीतरी वाट पाहत असतं.

खोकं दहा-बारा किलोंच्या वर भरू नका. जड डबे तळाशी, पुडे वर. उचलताना गुडघे वाकवा, पाठ नाही. पाऊस असेल तर पुठ्ठ्याची खोकी टाळा, कारण ओला पुठ्ठा तळातून फाटतो. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांसाठी चार मिनिटं जास्त धरा. त्यांच्यासाठी ती भेटही असते, आणि दोन महिन्यांनी दार उघडणाऱ्या आजींचा चेहरा उतरलेला दिसला तर चौकशी करणारं कुणीतरी असतं.

छाननी, वजन, पावती

थेट गोदामात नेऊन ओतू नका. आधी कुणाच्या तरी अंगणात किंवा ओट्यावर अर्धा तास बसून छाननी करा. फुगलेला डबा लगेच बाजूला काढा, उघडून वास घेऊ नका. आत जंतू वाढून वायू तयार झाल्याची ती खूण आहे, आणि बॉट्युलिझमचं विष चवीला किंवा वासाला कळेलच असं नाही. गळका, खोल गंजलेला, किंवा जोडावर चेपलेला डबाही नको. मधल्या भागावरचा उथळ पोचा चालतो. फाटके आणि जाळी धरलेले पुडे काढून टाका. साबण आणि कपडे धुण्याची पावडर वेगळ्या खोक्यात भरा. एकत्र ठेवलं तर पिठाला त्यांचा वास लागतो.

वस्तू प्रकारानुसार लावा आणि प्रत्येक प्रकारात ज्याची मुदत आधी संपते तो पुढे. गोदामातही ‘आधी मुदत, आधी वाटप’ याच क्रमानं सामान जातं, त्यामुळे तुम्ही लावून नेलंत की तिथल्या माणसांचा तासभर वाचतो. जे बाद केलं ते मुकाट्यानं टाकून द्या. कोणत्या घरातून आलं यावर चर्चा नको.

फूड बँकेत सांगितलेल्या वेळेतच पोचा. वजन तुमच्यासमोर होऊ द्या, पावती घ्या आणि वहीला चिकटवा. फोटो काढायचा असेल तर खोक्यांचा काढा. शिधा घ्यायला आलेल्या माणसांकडे कॅमेरा वळवू नका. त्यांनी हो म्हटलं तरी मी काढत नाही, कारण हातात पिशवी मिळण्याआधी ‘नाही’ म्हणणं फार अवघड असतं.

त्याच संध्याकाळी गल्लीला निरोप पाठवा: एकूण वजन, किती घरांतून आलं, फूड बँकेनं काय सांगितलं, पुढची तारीख. ‘आपल्या गल्लीतून आज ८४ किलो गेलं. तेल पुरेसं आलं, पुढच्या वेळी दूध पावडर हवी आहे.’ असा निरोप मिळाला की आपण दिलेला पुडा खरोखर पोचला हे घराघरात कळतं. निरोप दोन दिवस लांबला तर पुढच्या खेपेला पिशव्या हलक्या येतात. कुणाचं नाव घेऊन कौतुक करू नका, कारण ज्यांचं नाव नसेल त्यांना ते लागतं.

वाढवताना आणि सोपवताना

तीन-चार खेपा सुरळीत झाल्या की शेजारच्या गल्लीतून विचारणा येते. तिथली घरं स्वतःकडे घेऊ नका. विचारणारालाच त्या गल्लीचं काम द्या. एका खेपेला त्यानं तुमच्याबरोबर फिरावं, पुढच्या खेपेला त्यानं पुढे चालावं आणि तुम्ही मागे राहावं. मग त्याची वही, त्याच्या पिशव्या, त्याची तीस घरं. अशा दहा गल्ल्या झाल्या तर एक समन्वयक लागतो. त्याचं काम फूड बँकेशी बोलणं, यादी ठरवणं आणि गाड्यांची वेळ लावणं एवढंच असावं. घरांशी नातं त्या त्या गल्लीतल्या माणसाचंच राहू द्या.

पिशव्या हळूहळू कमी होतील, हे गृहीत धरा. काही घरं बदलतात, काही कंटाळतात, काहींची स्वतःची ओढाताण सुरू होते. सलग तीन खेपा रिकाम्या गेल्या तर भेटून सहज विचारा, ‘पिशवी ठेवू की दुसऱ्या कुणाला देऊ?’ दोन्ही उत्तरं बरी. मोकळी झालेली पिशवी नव्यानं राहायला आलेल्या घरात द्या. नव्या माणसाला गल्लीशी ओळख करून घ्यायला कारण हवंच असतं.

आणि सुरुवातीपासूनच दुसरा माणूस तयार करत राहा. आजारपण, बदली, परगावी जाणं कुणालाही चुकत नाही. घरांची यादी, फूड बँकेतल्या माणसाचा नंबर, रिकाम्या पिशव्या कुठे ठेवल्यात आणि पुढच्या दोन तारखा, हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि त्या पानाची नक्कल जोडीदाराच्या घरी असू द्या. काम सोडायची वेळ आली तर नव्या माणसाला घेऊन प्रत्येक दारात एकदा जा आणि ‘आता यापुढे हे येतील’ म्हणून समोरासमोर ओळख करून द्या. फोन नंबर ज्यांनी तुम्हाला म्हणून दिला होता, त्यांना तो पुढे द्यायचा का हेही तिथेच विचारून घ्या.